शाळेची जुनी हस्तलिखितं : कशी करत, आणि साल नसेल तर कसं ओळखायचं?

कपाट_क्रमांक_तीन
मराठी माध्यमाच्या एका जुन्या हायस्कूलच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांच्या अंकांची यादी चालू आहे. तीन नग अडलेत, कारण तिन्हींवर साल नाही.

(अ) हस्तलिखित. पान पावणेनऊ बाय सव्वाअकरा इंच, 84 पानं, पुठ्ठ्याची बांधणी, पाठीला कापड. शाई मूळची निळी असावी, आता तपकिरीकडे झुकलीय. पहिल्या पानावर जलरंगातली सरस्वती. संपादकाच्या नावापुढे 'इ. 9 वी'. शेवटी अंकाचा जमाखर्च.
(ब) विज्ञान मंडळाची सहा पानी पत्रिका. सगळी अक्षरं जांभळी. मी 'सायक्लोस्टाइल' अशी नोंद केलीय.
(क) छापील वार्षिक अंक. मुखपृष्ठ आणि पहिलं पान गायब.

यादीत 'निर्मितीपद्धत' असा रकाना आहे. तिथे "मुलांनी हौसेने केले" एवढं लिहून मोकळे व्हा, असा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही. हे अंक शिस्तीत, पद्धतशीर झालेत हे पानापानावर दिसतं. ती पद्धत नेमकी काय होती, आणि साल कसं काढायचं?

खडूफळा
तुमचं बरोबर आहे. हस्तलिखित म्हणजे एकाच प्रतीचा छापखाना. जाणकारांची वाट बघतो.

एक_दस्ता_कागद
(अ) च्या मापावरूनच बरंच कळतं. डेमी कागद साडेसतरा बाय साडेबावीस इंचांचा. त्याचा चौथा भाग म्हणजे पावणेनऊ बाय सव्वाअकरा. अगदी तुमचंच माप, याचा अर्थ बांधल्यावर कडा कापलेल्या नाहीत. शाळेत कटिंग मशीन कुठलं असायला?

84 पानं म्हणजे 42 पत्रं. एका तावातून चार पत्रं, म्हणजे साडेदहा ताव. दस्ता 24 तावांचा. अर्धा दस्ता आणला की अंक होऊन दीड ताव उरतो, म्हणजे वाया जाणाऱ्या पानांसाठी सहा पत्रं हाताशी. पानांची संख्या आधी ठरायची नि साहित्य तिच्यात बसवायचं, ते यासाठीच. हौसेने करणारा 84 वर थांबत नाही, तो 79 वर थांबतो.

टाकबोरू
कागदाचं वर आलंच. लिहिण्याची रीत अशी.

1. जूनमध्ये शाळा उघडली की समिती नेमायची : मार्गदर्शक शिक्षक, संपादक, दोन सहसंपादक, एक-दोन चित्रकार आणि चार-पाच लेखनिक. लेखनिक म्हणजे लेखक नव्हे, सुवाच्य अक्षराची मुलं. संपादकाचं अक्षर वाईट असलं तरी चालतं, लेखनिकाचं नाही.
2. जुलैत फळ्यावर सूचना, साहित्याची शेवटची तारीख गणपतीच्या सुट्टीआधी.
3. निवड आणि शुद्धलेखन कच्च्या कागदावरच उरकायचं. पक्क्या पानावर चूक दुरुस्त करणं महाग पडतं.
4. पानाला बांधणीच्या बाजूला दीड इंच मोकळी जागा, इतर तिन्ही बाजूंना पाऊण इंच. डावं पान आणि उजवं पान यांचा समास उलटसुलट पडतो, हे विसरलं की निम्मी पानं शिवणीत जातात. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.
5. ओळी दोन प्रकारे. एक, एचबी पेन्सिलीने हलक्या आखून शाई पूर्ण वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, खोडायच्या. घाई केली तर रबराबरोबर शाईही फरफटते. दोन, कागद पातळ असेल तर खाली काळ्या जाड ओळींचा कागद ठेवायचा, म्हणजे खोडायची भानगडच नाही.

वेळेचा हिशेब : चित्रं नि शीर्षकाची पानं वगळून 70 पानं धरा. पानाला 170 शब्द, म्हणजे बाराएक हजार शब्द. टाकाने नीट लिहायचं तर मिनिटाला दहा शब्द. वीस तास. चौघांत प्रत्येकी पाच. शाळा सुटल्यावर रोज पाऊण तास बसलं तर आठवडा लागतो. शिवाय चित्रं.

गुळांबा
आणि लेखनिकाने मध्येच कंटाळून अक्षर बदललं की वाचणाऱ्याला वाटतं, कवीची मनःस्थिती बदलली.

शिरोरेखा
टाकबोरूंनी सांगितलेल्या समासाला एक पुरवणी. पानं सुटी लिहून मग बाजूने टोचून शिवत, म्हणून दीड इंच लागतो. छापील पुस्तकासारखी जुडी घडी घालून केली तर समास कमी पुरतो, पण मग एका घडीवर चार पानं येतात. एका पानावर शाई सांडली तर चारही पानं नव्याने लिहा. सुट्या पानांत दोनच जातात. हस्तलिखितं पूर्ण उघडत नाहीत, हाताने दाबून धरावी लागतात, त्याचं कारण हे.

(अ) ची शिवण बघून सांगा. दोरा पाठीच्या घडीतून गेलाय की बाजूने आरपार?

कपाट_क्रमांक_तीन
बाजूने आरपार. पाच भोकं. दोऱ्याला मेण लावल्यासारखं वाटतं.

शिरोरेखा
म्हणजे सुटी पानं. मेण दोरा सरकू नये म्हणून.

मोरचूद
बांधणीवरून आठवलं. पुठ्ठ्याला कागद आणि कापड मैद्याच्या खळीने चिकटवत. मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट). ते विषारी आहे. त्यामुळे जुने अंक हाताळल्यावर हात धुवा, आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर निदान या कपाटापुरती सोडा.

बिघडतं कुठे? खळ पातळ झाली की कागद पाणी पितो, फुगतो आणि वाळताना पुठ्ठ्याला ओढून वाकवतो. म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही कागद लावायचा, दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग वजनाखाली एक दिवस. वजन म्हणजे ग्रंथालयातले ज्ञानकोश, त्यांचा तेवढा उपयोग हमखास व्हायचा.

आलेपाक
(ब) बद्दल कोणी बोलेना. जांभळी अक्षरं म्हणजे सायक्लोस्टाइलच की. शाळांत प्रश्नपत्रिका तशाच निघायच्या.

जुना_जुळारी
नाही हो. सायक्लोस्टाइलची शाई काळी, तेलकट, आणि ती स्टेन्सिलच्या भोकांतून कागदावर बसते. भिंगातून बघा, अक्षराची कड बारीक ठिपक्याठिपक्यांची दिसेल आणि भोवती तेलाची फिकट कडा. पूर्ण जांभळं, कडेला मऊ, शेवटच्या प्रतींमध्ये फिकट होत गेलेलं असेल तर ते जेलीवरचं काम, म्हणजे हेक्टोग्राफ. यादीत दुरुस्ती करा.

पाण्याचा थेंब टाकून तपासायचा मोह आवरा. अॅनिलीनची शाई आहे, अक्षर तिथल्या तिथे विरघळेल.

आलेपाक
बरं, मान्य. पण जेलीवर छापतात कसं? जेली खातात एवढंच माहीत होतं.

जुना_जुळारी
साहित्य : जिलेटिन 100 ग्रॅम, ग्लिसरीन 600 ते 700 ग्रॅम, पाणी 200 ते 250 मिली. फुलस्केप मावेल अशा पत्र्याच्या ट्रेमध्ये साधारण एक सेंटिमीटरचा थर होतो.

जिलेटिन रात्रभर थंड पाण्यात भिजवायचं. ग्लिसरीन उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून तापवायचं, थेट आचेवर नाही. त्यात भिजलेलं जिलेटिन विरघळवायचं. उकळू दिलं तर जेली घट्ट बसत नाही. ट्रे अगदी सपाट जागी ठेवून ओतायचं आणि वर आलेले बुडबुडे कागदाच्या कडेने ओढून काढायचे. एक बुडबुडा राहिला तर प्रत्येक प्रतीत त्याच जागी पांढरा ठिपका. बारा तास हात लावायचा नाही.

मूळ पान गुळगुळीत कागदावर जांभळ्या अॅनिलीनच्या शाईने लिहायचं. जेली ओलसर स्पंजाने पुसायची, पान पालथं घालून हाताने सारखं दाबायचं, दोन-तीन मिनिटांनी एका कोपऱ्यातून सोलून काढायचं. जेलीत अक्षर उलटं उतरतं. आता कोरा कागद ठेवला की त्यावर सुलटं. पहिल्या प्रतींना काही सेकंद पुरतात, पुढेपुढे जास्त वेळ दाबावं लागतं. 40-50 प्रती निघाल्या तर काम छान. मग जेली कोमट पाण्याच्या स्पंजाने पुसायची किंवा एक दिवस तशीच ठेवायची, शाई खाली बुडून जाते.

आपल्याकडे खरी अडचण हवेची. एप्रिल-मेच्या उकाड्यात जेली कागदाला चिकटून निघून येते, म्हणून तेव्हा जिलेटिन थोडं वाढवायचं. पावसाळ्यात वरचा थर दमट राहतो आणि अक्षर पसरतं.

गुळांबा
थोडक्यात, आईच्या खरवसासारखं लक्ष द्यायचं, पण चव घ्यायची नाही.

जुना_जुळारी
ग्लिसरीन गोडच असतं. तरीही नको.

टाकबोरू
जांभळ्याच्या बाबतीत तिसरी शक्यताही धरा : कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना राखाडी दिसते, ओलावा लागला की जांभळी. पण तिने लिहिलेलं असेल तर सहाच्या सहा पानांवर दाब पाठीमागे बोटाला लागेल. हेक्टोग्राफच्या प्रतीची पाठ सपाट असते. पाठीवरून बोट फिरवा.

कपाट_क्रमांक_तीन
पाठ सपाट आहे. दुसऱ्या पानावर एकाच रेषेत दोन पांढरे ठिपके आहेत, तेच आणखी एका प्रतीत अगदी त्याच जागी. बुडबुडे! नोंद बदलली : हेक्टोग्राफ.

सायक्लोस्टाइल कशी ओळखायची हे कळलं. ती करायचे कशी, तेही कोणी सांगेल का? पुढच्या गठ्ठ्यात काळ्या अक्षरांची पत्रकं आहेत.

शिरोरेखा
यात देवनागरीची वेगळीच गंमत आहे, म्हणून सविस्तर.

स्टेन्सिल म्हणजे मेणाचा थर दिलेला पातळ, चिवट कागद. टाइपरायटरवर कापायची तर रिबन बाजूला करायची, अक्षरं ब्रशने साफ करायची, मग ठोकायचं. मराठी टाइपरायटर नसेल तर खाली गुळगुळीत पाटी ठेवून लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं. रोमन लिपीत 'ओ'चा मधला भाग गळून पडतो. आपल्याकडे घात करते ती शिरोरेखा. ओळभर अखंड रेघ ओढली की स्टेन्सिल तिथे फाटते, ड्रमवर ताणली की आडवी चिरते. म्हणून शब्दागणिक रेघ तोडायची आणि अक्षरापेक्षा हलक्या हाताने द्यायची. काही जण शिरोरेखाच गाळत, ते वाचायला जड जातं, पण स्टेन्सिल टिकते.

चूक झाली तर आधी ती जागा गुळगुळीत काडीने घासून बुजवायची, मग लाल दुरुस्ती-द्रावण, एक मिनिट थांबून हलक्या हाताने पुन्हा लिहायचं. न थांबता लिहिलं की टोक द्रावण उचलतं आणि भोकाचं भगदाड होतं.

जेस्टेटनर या सायक्लोस्टाइलच्या मशीनला दोन ड्रम नि मध्ये रेशमी जाळी, शाई ट्यूबमधून. पहिल्या दहा-बारा प्रती फिक्या येतात, त्या टाकायच्या किंवा कच्चं लिहायला ठेवायच्या. कागद शाई शोषणारा लागतो. गुळगुळीत वापरला तर एका प्रतीची शाई तिला टेकलेल्या कागदाच्या पाठीला लागते. मग प्रत्येक दोन प्रतींमध्ये रद्दी घालत बसा. पाठपोट छपाई असेल तर पहिली बाजू रात्रभर वाळू द्यायची. पावसात कागदाच्या कडा वळतात आणि मशीन दोन-दोन कागद ओढतं, त्यामुळे मधलीच प्रत कोरी निघते. गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून घातला की बरंच टळतं.

वापरलेली स्टेन्सिल शाई टिपून वर्तमानपत्रात घालून ठेवली तर पुन्हा चालते. एका स्टेन्सिलीतून शेकड्यांनी प्रती निघतात, जेलीतून पन्नास. म्हणून वर्गापुरतं असेल तर जेली, शाळाभर असेल तर सायक्लोस्टाइल, पालकांना वाटायचं असेल तर छापखाना, असा साधा हिशेब.

खडूफळा
आणि शून्य खर्चात हवं असेल तर भित्तिपत्रक. एक फळा, टाचण्या, आठवड्याला बदल. एका नजरेत जास्तीत जास्त 300 शब्द. मुलं उभ्याने, डोक्यावरून डोकी काढून वाचतात. अक्षर लहान केलं की फक्त पहिल्या रांगेचं वर्तमानपत्र होतं. तळाच्या ओळी जमिनीपासून साडेतीन फुटांच्या वर असाव्यात, पाचवीच्या मुलांनाही दिसलं पाहिजे आणि त्यांच्या हातांपासून वाचलंही पाहिजे.

पाणिनीचा_पाहुणा
विषय आलाच आहे तर : अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! वर टाकबोरूंनी 70 पानांना वीस तास सांगितले, त्यावरून रोजच्या दोन-चार पानांना काय लागत असेल याचा अंदाज करा. 1928 साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. शालेय नियतकालिक म्हणजे वर्षातून एकदा स्नेहसंमेलनाला दाखवायची वस्तू, हा समज नंतरचा.

आलेपाक
वर्षातून एकदा काढणं काय वाईट? रोज काढलं तर त्यात 'आज आमटी पातळ होती' याशिवाय काय येणार?

पाणिनीचा_पाहुणा
तेच तर हवं. वार्षिक अंकात 'पावसाळा', 'माझी आई' आणि 'विज्ञान : शाप की वरदान' असतं. पातळ आमटीची बातमी लिहिताना मुलगा कोण, कधी, किती हे लिहायला शिकतो.

गुळांबा
'आमटी : शाप की वरदान.' विषय संपला.

भात_आणि_भाषण
प्रकाशनांवरच गाडी अडकलीय. मंडळांचं काय? वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, वक्तृत्व मंडळ, शालेय मंत्रिमंडळ. प्रत्येकाची इतिवृत्ताची वही असते, आणि साल काढायला तिच्याइतका दुसरा पुरावा नाही. सभेची तारीख, अध्यक्ष, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, शेवटी पुढच्या सभेत 'इतिवृत्त वाचून कायम केले' आणि सही. पत्रिका छापायचा ठराव झाला असेल तर त्यात खर्चही मंजूर झालेला सापडेल.

वक्तृत्वाच्या नोंदीत वेळ लिहिलेली असते : पाच मिनिटांचं भाषण, चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी. दुसऱ्या घंटेनंतर जो 'शेवटी एवढेच सांगून' म्हणतो तो आणखी दोन मिनिटं घेतो. हे कोणत्याही दशकातलं खरं.

मोरचूद
आणि शेलापागोटे! गॅदरिंगला पेटी ठेवून एकमेकांवरच्या गमतीच्या चिठ्ठ्या जमवायच्या. पेटी आधी शिक्षकांनी उघडायची, शरीरावरचं, जातीवरचं, घरच्या परिस्थितीवरचं काढून टाकायचं, आणि उरलेलं वाचून दाखवायचं. उरतात साधारण निम्म्या. काढून टाकलेल्या चिठ्ठ्या लगेच फाडायच्या, टेबलावर ठेवल्या तर मध्यांतरात त्याच जास्त वाचल्या जातात.

भात_आणि_भाषण
हस्तलिखितातही काही ठिकाणी शेलापागोट्यांचं पान असे. तेच पान सगळ्यात मळलेलं असतं, बघा.

कपाट_क्रमांक_तीन
(अ) मध्ये 71 वं पान. खरंच खालचा कोपरा काळा झालाय.

विज्ञान मंडळाची वही सापडत नाहीये. वाळवी.

जुना_जुळारी
(क) कडे येऊ. फोटो कुठे आहेत? मजकुराच्या मध्येमध्ये की एका जागी?

कपाट_क्रमांक_तीन
मधोमध आठ पानं चकचकीत कागदाची, सगळे फोटो तिथे. बाकी खरखरीत कागद.

जुना_जुळारी
म्हणजे खिळ्यांची, धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेली छपाई. फोटोचा हाफटोन ब्लॉक बारीक ठिपक्यांचा, तो खरखरीत कागदावर काळा गोळा होतो, म्हणून आर्ट पेपरचा वेगळा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांचा गट. ब्लॉकचा दर चौरस इंचाप्रमाणे, त्यामुळे कार्यकारिणीतली सगळी डोकी एका फोटोत आणि प्रत्येक डोकं वाटाण्याएवढं. पानाच्या पाठीवरून बोट फिरवलं तर खिळ्यांचा दाब लागेल.

साल काढताना एक इशारा. छापील अंकात अनुस्वार नाही म्हणून लगेच 'नव्या नियमांचा' म्हणू नका. डिग्री नावाच्या टाइपात मात्रा, रफार, अनुस्वार खिळ्याच्या बाहेर आलेले, नाजूक. जुने खिळे वापरून वापरून ते मोडतात. अनुस्वार होता, छापला गेला नाही, असं सर्रास होतं. एकच शब्द चार ठिकाणी बघा. तीन ठिकाणी 'नाहीं' आणि एका ठिकाणी 'नाही' असेल तर तो खिळा मोडलाय, नियम नाही.

पाणिनीचा_पाहुणा
या मुद्द्यावर मीही लिहिणारच होतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले, 1972 मध्ये त्यांत 4 वाढले. उच्चारात नसलेले अनुस्वार तेव्हा गेले : कांहीं, नाहीं, घरीं, पांच. 'कवि', 'वायु' यांचे शेवट दीर्घ झाले : कवी, वायू. त्यामुळे (अ) मध्ये 'कांहीं' असेल तर तो 1962 च्या आधीचा.

टाकबोरू
इथे मी भांडणार. नियम 1962 चे, पण मराठीचे शिक्षक 1962 ला नव्याने जन्मले नाहीत. तीस वर्षं 'कांहीं' तपासणाऱ्या शिक्षकाच्या हाताखालचा अंक 1966 मध्येही 'कांहीं'च लिहील. अनुस्वार असले तर 'बहुधा आधीचा', एवढंच म्हणता येतं. उलटं मात्र भक्कम आहे : पूर्ण अंकात एकही जादा अनुस्वार नसेल तर तो 1962 च्या नंतरचा.

पाणिनीचा_पाहुणा
उलटंही शंभर टक्के नाही, नियमांच्या आधीही अनुस्वार गाळणारे सुधारक होते. पण तुमचं पहिलं म्हणणं मान्य. मग एकापेक्षा जास्त खुणा जुळवू. ही माझी उतरंड :

'इंग्रजी चौथी' असा वर्ग लिहिला असेल तर ती आजची आठवी, आणि अंक बराच जुना. 'मॅट्रिक' की 'एस.एस.सी.'? एस.एस.सी. बोर्डाची परीक्षा 1949 पासून. शाळेत अकरावीचा निरोप समारंभ असेल तर 1975 किंवा आधीचा, दहावीची पहिली एस.एस.सी. 1975 ची. एन.सी.सी.चा उल्लेख 1948 नंतरच. जाहिरातीत सहा आकडी पिन असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. आणि जमाखर्चात आणे की पैसे? (अ) च्या शेवटी जमाखर्च आहे म्हणालात, तो उघडून बघा ना!

मोरचूद
शाईचंही जोडा. निळीची तपकिरी झाली म्हणजे लोहयुक्त निळी-काळी शाई, ती काळाबरोबर तपकिरी होते आणि जिथे दाट पडली तिथे कागद खाते. नुसती धुवून जाणारी निळी असती तर ती फिकी पडली असती, तपकिरी नाही. पण साल सांगायला शाई कुचकामी : कॅम्लिनची सुरुवातच 1931 मध्ये शाईच्या पुडीने आणि गोळ्यांनी झाली, आणि निळी-काळी पुढे कित्येक वर्षं खपली. बॉलपेन किंवा स्केचपेन दिसलं तर सांगा, त्याने खालची मर्यादा तरी कळेल.

कपाट_क्रमांक_तीन
बॉलपेन नाही, स्केचपेन नाही. जमाखर्च बघितला. मी इतके दिवस तो फक्त मोजला होता, वाचला नव्हता. रकान्यांची शीर्षकं 'रु.' आणि 'न. पै.'. आणि 83 व्या पानावर शाळेचा पत्ता आहे, शेवटी 'मुंबई राज्य'.

पाणिनीचा_पाहुणा
मग काम झालं. नये पैसे 1 एप्रिल 1957 पासून, 'नये' शब्द 1 जून 1964 ला गेला. मुंबई राज्य 1 मे 1960 ला संपलं. म्हणजे एप्रिल 1957 ते एप्रिल 1960. अंक दिवाळीचा किंवा गॅदरिंगचा असेल तर 57, 58, 59 यांपैकी एक.

आलेपाक
जुनी पत्त्याची सवयही असू शकते की. टाकबोरूंच्या शिक्षकासारखी.

टाकबोरू
असू शकते, पण नवीन राज्य झाल्यावर पत्ता चुकवणं आणि अनुस्वार न सोडणं यात फरक आहे. अनुस्वाराला लोक जास्त जपतात.

नियम_अठरावा
सगळा धागा वाचला. एक प्रश्न : संपादकाचं नाव आणि इयत्ता दोन्ही लिहिलंय ना? मग शाळेचं जनरल रजिस्टर का नाही काढलं? त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रवेशाचा दिवस, प्रवेशाची इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख असते. नववीत कोणत्या वर्षी होता हे दोन मिनिटांत निघतं.

गुळांबा
जेली, खळ, मोरचूद, अनुस्वार... आणि हे गृहस्थ दोन मिनिटांत.

जुना_जुळारी
जेली वाया गेली नाही. (ब) ची नोंद सुधारली.

कपाट_क्रमांक_तीन
जनरल रजिस्टर काढलं. दोन मिनिटं नाही, दीड तास. त्या नावाचे, वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासकट, दोन विद्यार्थी निघाले. एक 1958-59 मध्ये नववीत, दुसरा 1967-68 मध्ये.

नियम_अठरावा
मग नये पैसे आणि मुंबई राज्य यांनी निकाल दिलाच. 1958-59. दोन मिनिटं मागे घेतो.

टाकबोरू
आणि गणपतीआधी साहित्य, दिवाळीला अंक या रिवाजाने ऑक्टोबर-नोव्हेंबर 1958. पण महिना लिहू नका, तो अंदाज आहे.

मोरचूद
नोंद करताना : अंकावर साल लिहायचं तर शाईने नाही, शिक्क्याने नाही. मऊ पेन्सिलीने, मागच्या पुठ्ठ्याच्या आत, चौकटी कंसात [1958-59], म्हणजे ते मूळचं नाही, नंतर काढलेलं आहे हे पुढच्याला कळेल. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या असतील तर ओढू नका, मागून पाय सरळ करून उचला. प्रत्येक पानाचा फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. (ब) मात्र उजेडात कमीत कमी वेळ, जांभळा रंग उन्हाने उडतो. फोटो आधी तिचे काढा.

कपाट_क्रमांक_तीन
(ब) चे काढले. (क) च्या आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटलीत, तीन फोटो दिसतच नाहीत. त्यांचं काय करावं?

जुना_जुळारी
ओल लागली की आर्ट पेपरवरचा लेप गोंदासारखा चिकटतो. सुटं करायला गेलात तर फोटो समोरच्या पानावर जाईल. तसंच ठेवा, कागद-दुरुस्ती येणाऱ्या माणसालाच दाखवा. तोवर यादीत लिहा : 'पाने 33 ते 36 जुळलेली, उघडू नयेत.' पानांचे आकडे तुमचे घाला.

कपाट_क्रमांक_तीन
41 ते 44. लिहिलं. आता काळ्या अक्षरांचा गठ्ठा सोडतो. पहिल्याच पत्रकावर शिरोरेखा नाही.